अरुंद जागी

सामुद्रधुनी जिथे सगळ्यात अरुंद होते
तिथे मी फेरीबोटीवर ट्रक लावतो.
हाताने खुणा करतो: ये, ये, डावीकडे घे, बास.
वीस मिनिटांचं पाणी. वारा चढला की
तेच पाणी दिवसभराचं होतं
आणि दोन्ही तीरांवर ड्रायव्हर
थर्मासातला माते पीत बसून राहतात.

घरी, पुंता अरेनासला, टेबलाखाली
अकरा वर्षांचा डबा आहे.
चालू केला की आधी खोकतो,
मग मेंढ्या कातरायच्या यंत्रासारखा घरघरतो.
वरच्या मजल्यावरच्या दोन्या इलियानानं एकदा विचारलं,
येर्को, रात्री-अपरात्री कपडे कसले धुतोस?

शनिवारी ब्रांको येतो.
म्हणजे त्याचा आवाज येतो, तेमुकोहून, हेडफोनमध्ये.
आम्ही खेळात ट्रक चालवतो.
(हसा. दिवसा ट्रक, रात्री ट्रक.)
डोंगरातल्या एका वळणावर माझं चित्र थिजतं,
सुटतं तेव्हा मी दरीत असतो.
"पापा, पुन्हा?"
पंधरा वर्षांचा आहे. थांबतो माझ्यासाठी.
अजून थांबतो.

बिस्किटांच्या डब्यात एक लाख चाळीस हजार पेसो.
एकच भाग येईल.

ग्राफिक्स कार्ड घे, ब्रांको म्हणतो,
कार्डच घे, बाकी सगळं झूट.
पण नव्या कार्डाला वीज जास्त,
विजेसाठी नवा पॉवर सप्लाय,
आणि एवढं करून नाकापेक्षा मोती जड.
प्रोसेसर घ्यावा, तर नवा या मदरबोर्डवर बसत नाही.
मदरबोर्ड घ्यावा, तर जुनी रॅम त्यात जात नाही.
म्हणजे एक बटण तुटलं म्हणून
नवा सदरा, सदऱ्यावर कोट,
आणि कोट घातलाच आहे तर लग्न.

मंगळवारी वारा ऐंशीच्या वर. बोट बंद.
रांग टेकडीपलीकडे गेलेली.
एकजण खिडकीतून ओरडला,
नवं इंजिन आहे माझं, पाचशे साठ घोडे!
मी म्हटलं, पोहता येतं का घोड्यांना?
तो हसला नाही.
मी मात्र उतारावर उभा राहिलो,
पाण्याकडे बघत, जरा जास्तच वेळ.

घरी आल्यावर खेळ चालू ठेवून आकडे बघितले.
प्रोसेसर शंभर टक्के. कार्ड अडतीस.
कार्ड बिचारं तीरावर उभं होतं,
इंजिन चालू, ब्रेक दाबलेला, माते पीत.

करमुक्त बाजारात ओयार्सुनचं दुकान.
काचेच्या कपाटात सगळ्यात खाली, काळ्या फोमवर
नखाहून फार मोठा नाही असा एक चौकोन.
"तुझ्याच खाचेत बसेल. त्या सालचा सगळ्यात वरचा.
तेव्हा तुला परवडला नसता."
खरं होतं. त्या साली मी खालून दुसरा घेतला होता.
"बेचाळीस हजार. वापरलेला आहे.
मशीन तरुण नाही होणार,
तेव्हा जे होऊ शकलं असतं, तेवढंच होईल."
तो मशीनबद्दलच बोलत होता.

रात्री झाकण उघडलं.
पंख्यात केसांचा बोळा, पांढरा-तपकिरी.
पिराताचे. कुत्रं जाऊन तीन वर्षं झाली.
बोळा लगेच टाकवला नाही,
स्क्रूंच्या वाटीत ठेवला.
पेस्ट मसुराएवढी. मग तो खटका दाबला
जो दाबताना असा कर्रकन वाजतो
की माणसाला वाटावं, गेलं सगळं.

नाही गेलं.

उरलेले पैसे डब्यात परत.
पॉवर सप्लायचं हिवाळ्यात बघू.

शनिवारी तेच वळण.
मी सवयीनं दात आवळले.
चित्र वळलं, झाडं वळली, दरी डाव्या हाताला
गुपचूप बाजूला झाली आणि मी पुढे.
आरशात ब्रांकोचे दिवे.
वळणाच्या अलीकडेच थांबलेले,
मी पडायची वाट बघत.

खोलीत एकटाच होतो, तरी हात वर गेला.
ये, मी म्हटलं.
ये, ये. डावीकडे घे.
ये.